हात दाखवून

प्रिय ठमे,

पाकिटावरचा पत्ता वाचून तू पाकीट दोनदा उलटंपालटं करून पाहिलं असशील, हे मी इथे बसून सांगते. पहिलीतल्या पोराने चालत्या गाडीत बसून लिहावा तसा दिसतोय ना? तो मीच लिहिलाय. घाबरू नकोस, पत्र आनंदाचं आहे. मंगळवारपासून मी घरात एकटीच हसतेय, आणि वरच्या मजल्यावरचे मास्तर दोनदा जिना उतरून बघून गेले, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. पण माझी सवय तुला माहीत आहे, मला कुठलीच गोष्ट शेंड्याकडून सांगता येत नाही, बुंध्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा गोदामातून दमून आली असशील तर आधी दोन घास खा, पाय पसरून बस आणि मग वाच.

पहिल्यांदा माझी चोरी कबूल करते. माझ्या खांद्याला काहीही झालेलं नाही. शिडीवर हात वर करून करून खांदा धरलाय, दोन-तीन महिने काम बंद ठेवायला सांगितलंय, असं मी तुला दीड वर्षापूर्वी फोनवर सांगितलं, ते साफ खोटं होतं. खांदा ठणठणीत आहे. थरथरतो तो उजवा हात. डॉक्टरीणबाई त्याला कंपवात म्हणतात. नाव मोठं भारी आहे. पण त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं की या आजारात माणूस उद्या-परवा कुठे जात नाही, फक्त त्याला घाई करता येत नाही. औषधाने पुष्कळ आटोक्यात राहतो. मात्र शिडी आणि ब्रश आता विसरायचे. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी हसून मान डोलावली, बाहेर आले, आणि बसथांब्यावर तीन बस सोडल्या.

सुरुवात शिरोरेघेपासून झाली. तुला आठवतं, लहानपणी तू माझ्या शिडीखाली बसून विचारायचीस की आई, तू रेघ काढताना श्वास का घेत नाहीस? अक्षरं कशीही निभावून नेता येतात, वेलांटी थोडी फुगवता येते, काना जरा जाड करता येतो, पण अक्षरांच्या डोक्यावरची रेघ लबाडी करू देत नाही. ती सरळ तरी असते नाहीतर वाकडी. सव्वीस वर्षं मी या गावच्या पाट्या रंगवल्या आणि एक दिवसही पाट्या टाकल्या नाहीत, हे तू माझ्या तोंडून हजारदा ऐकलंयस आणि दरवेळी नाक मुरडलंयस. तर त्या दिवशी मी नाक्यावरच्या चष्मेवाल्याची पाटी करत होते. खडूची दोरी मारली, काठीवर मनगट टेकवलं, श्वास धरला, आणि रेघ माझ्या डोळ्यांदेखत पाण्यासारखी हलली. पुसली, पुन्हा काढली, पुन्हा हलली. शेवटी मी ती तशीच ठेवून खाली उतरले आणि त्याला म्हटलं की पैसे देऊ नका, कुणाकडून तरी नीट करून घ्या. त्याने मान वर करून पाटी पाहिली. मग म्हणाला की ही अशीच राहू द्या. लोक पाटी वाचतील, त्यांना वाटेल आपलीच नजर गेली, आणि सरळ आत येतील. आता दीड वर्ष झालं, पाटी तिथेच आहे आणि त्याचं दुकान बरं चाललंय. तेव्हा मात्र मला हसू आलं नव्हतं. घरी आले, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले, कापडात गुंडाळले आणि पलंगाखाली सारले.

मग तुझी पाळी. महिन्याभरात तुझा फोन आला की तुला त्या कवळ्या बनवण्याच्या शिक्षणाचा वीट आलाय, दिवसभर लोकांचे दात बघून जेवण जात नाही, म्हणून ते सोडून तू गोदामात कामाला लागलीस. ठमे, जी मुलगी सहा वर्षांची असताना शेजारच्या आजोबांची कवळी ग्लासातून पळवून आणते आणि ती कशी बनवली हे बघायला तिच्यावर भिंग धरते, तिला दातांचा वीट येईल? पण मी ते खरं मानलं. खरं मानणं माझ्या सोयीचं होतं. पुढच्या महिन्यापासून तुझे पैसे यायला लागले आणि मी मूग गिळून ते घेत राहिले. लोकांचे दात बसवणारी माझी पोर खोक्यांना चिकटपट्टी लावतेय, हे मला दररोज सकाळी चहाच्या आधी आठवायचं. आईने मुलीचं खाऊ नये असं काही मी म्हणत नाही, पण मुलीचं पुढचं आयुष्यच खाऊ नये. त्याची लाज वाटायची आणि ती कुणाला सांगताही यायची नाही, कारण सांगायचं म्हणजे हाताचं सांगावं लागलं असतं.

तू दोनदा येऊन गेलीस, तेव्हा मी काय काय सोंगं केली. हात सतत खिशात. भाजी चिरायची नाही, म्हटलं खांदा दुखतो. मोबाइलवरचे माझे निरोप मास्तर लिहून देत होते. भूगोल शिकवण्यात हयात गेलेला माणूस, म्हणून तर त्या निरोपांत इतके स्वल्पविराम असायचे आणि शेवटी ‘सस्नेह’. तुझ्या आईने जन्मात कधी ‘सस्नेह’ म्हटलं असेल का? मला वाटायचं, तुला पत्ता नाही. मग मागच्या वेळी निघायच्या दिवशी तू चहा केलास आणि माझा कप अर्धाच ओतलास. तुझा काठोकाठ, माझा अर्धा. प्यायले तर पुन्हा अर्धा. तीनदा उठलीस, तीनदा अर्धाच ओतलास. तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय. आणि मला कळलंय हेही तुला कळलं असणार. दोघी एकमेकींना फसवतोय, दोघींनाही ते ठाऊक आहे, आणि दोघी खिडकीबाहेर बघत हवापाण्याच्या गप्पा मारतोय. आपल्या घराण्याला हा गुण कुठून चिकटला कोण जाणे. तू गेल्यावर मी पोटभर रडले आणि मग तशीच वर जाऊन मास्तरांना म्हटलं, त्या भत्त्याचा कागद आणून द्या.

भत्त्यासाठी मास्तर केव्हापासून माझ्या मागे लागले होते. आजारपणाने काम सुटलेल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसांसाठी तो असतो, आणि त्याची वर्गणी मी धंदा सुरू केल्यापासून न चुकता भरलेली. पण मला ते हात पसरल्यासारखं वाटायचं. मास्तर चिडून म्हणायचे की बाई, विहीर तुम्ही खणलीत, आणि आता पाणी प्यायची लाज वाटते? मी म्हणायचे, तहान लागली की बघू. तर तो अर्ज आला. आठ पानांचा, आणि वर ठळक अक्षरांत सूचना की शक्यतो अर्जदाराने स्वतःच्या हाताने भरावा. मास्तर म्हणाले की ‘शक्यतो’चा अर्थ समजतो ना, आणा इकडे, मी भरतो. आता ऐक तुझ्या आईचा शहाणपणा. मी म्हटलं, मुळीच नाही. या गावातल्या निम्म्या कचेऱ्यांच्या पाट्या माझ्या हातच्या, आणि माझ्या नावाचा कागद तिथे दुसऱ्याच्या अक्षरात जायचा? किंवा त्याहून वाईट, माझ्याच अक्षरात पण घाणेरडा जायचा? लोक काय म्हणतील?

अकरा दिवस लागले. सकाळची गोळी घेतली की तासाभराने हात थोडा वेळ शांत होतो, जेमतेम अर्धा-पाऊण तास. तेवढ्या वेळात बसायचं. कोपर टेबलावर दाबायचं, मनगटाखाली जुनी काठी घ्यायची, आधी पेन्सिलीने हलक्या रेघा आखायच्या आणि मग शाईने एकेक अक्षर. थरथर आली की पेन उचलायचं, गेली की टेकवायचं. दोन अर्ज फाडले. तिसरा जमला. आणि काय जमला ठमे, नुसता चौकटीत घालून भिंतीवर लावावा. मोत्यासारखं अक्षर, रेघ सुतासारखी, पानापानाला समास सारखा. ‘रोजच्या कामात काय अडचण येते’ या प्रश्नापुढे मी लिहिलं, ‘थोडीफार’. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही ही धंद्याची सवय, ती कागदालाही लागू झाली. मास्तरांनी अर्ज पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. शहाण्या माणसाला तेव्हाच कळलं होतं, पण माझा चेहरा इतका फुलला होता की त्यांची जीभ रेटली नाही.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं, अर्ज नामंजूर. कारण काय, तर अर्जदाराचे हस्ताक्षर अत्यंत स्थिर व सुंदर असून हाताच्या कार्यात बाधा असल्याचे दिसून येत नाही. मास्तर वाचून दाखवत होते आणि ‘सुंदर’ शब्दावर थांबले. आणि खरं सांगू का, हसू नकोस, मला क्षणभर आनंदच झाला. दीड वर्षात कुणी माझ्या अक्षराला सुंदर म्हटलं नव्हतं. मग पुढचा अर्थ डोक्यात शिरला. थकलेल्या भाड्यासाठी घरमालकाचा निरोप येऊन पडला होता, तू ज्यादा पाळ्या करायला लागली होतीस, आणि इथे मी अकरा दिवस खपून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. म्हणाले, बाई, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा. वर्गात पोरांना झापत असतील तसंच झापलं आणि मी पोरांसारखंच ऐकून घेतलं. मग त्यांनीच स्वतःच्या अक्षरात फेरविचाराची विनंती लिहिली, माझी जराही ढवळाढवळ न चालू देता, आणि पंधरा दिवसांनी मला समक्ष बोलावणं आलं.

भत्त्याच्या कचेरीत गेले. आत खिडक्यांची रांग, बाकावर माणसं कागद मांडीवर धरून बसलेली. माझी पाळी आली, आणि खिडकीजवळ जाते तर काय, शेजारी खिळ्याला माझीच पाटी. वीस वर्षांपूर्वीची, निळ्यावर पांढरी, ‘कृपया खिडकीतून हात आत घालू नये’. आपली पाटी आपल्याला लगेच ओळखू येते गं, गर्दीत आपलं मूल ओळखू यावं तशी. त्यातला ‘ह’ मला तेव्हाही फार आवडला होता. खिडकीमागे एक बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या, कपाळावर आठ्या, समोर माझा तो मोत्यासारखा अर्ज. त्या म्हणाल्या की एक कोरा कागद देते, आत्ता इथे उभ्याने चार ओळी लिहा. टेकू नाही, रेघा नाहीत, घरी एकट्या असताना लिहिता तशा. मी विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, काहीही.

हात खिशात होता. मागे रांग होती, आणि एक गृहस्थ आधीच चुकचुकत होते की किती वेळ. माणसं बघत असली की हा हात जास्तच थरथरतो, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. आयुष्यभर लोकांनी खाली उभं राहून माझा हात चालताना बघितला, माझी छाती फुगायची. आणि आता त्याच हाताला चारचौघांत बाहेर काढायचं माझ्या जिवावर आलं. अंगावरचं वस्त्र काढल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तुझा तो अर्धा कप डोळ्यांपुढे आला. काढला हात बाहेर, घेतलं पेन, आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून समोरच्या पाटीवरचंच वाक्य लिहायला घेतलं. ‘कृपया’ कसंबसं झालं. ‘खिडकीतून’ची वेलांटी कागदाबाहेर जाऊन टेबलावर उतरली. ‘हात’मधला ‘ह’ तर काय झाला ते मलाच वाचता येईना. शिरोरेघ जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी खाली चालली होती. मी थांबले नाही. चारही ओळी तेच वाक्य लिहिलं आणि कागद खिडकीतून आत सरकवला, हातासकट.

त्या बाई कागदाकडे बघत होत्या. मग मी त्यांना सांगितलं की ही शेजारची पाटी माझी आहे, मीच रंगवलीय, वीस वर्षांपूर्वी. त्या उठल्या, बाहेर आल्या, खिळ्यावरून पाटी उतरवली, कागदाशेजारी ठेवली आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. मागचे गृहस्थ चुकचुकायचे थांबले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं, दीड वर्ष मूठ आवळून धरलेलं काहीतरी सुटल्याचं होतं. बाई हळूच म्हणाल्या की या अर्जात सगळे जण आपला सगळ्यात चांगला दिवस लिहून देतात, जशी काही नोकरीच मागायला आलेत, आणि आम्हाला हवा असतो वाईट दिवस. मग त्यांनी दहा-बारा प्रश्न विचारले. जिना उतरता येतो का, बटणं लावता येतात का, चहाचा कप धरता येतो का. मी पहिल्यांदाच एकेकाचं खरं उत्तर दिलं. कपाचं उत्तर देताना सांगितलं, अर्धा भरलेला असला तर येतो.

आणि या मंगळवारी कागद आला. मंजूर. तोही पहिला अर्ज केला त्या दिवसापासून. मास्तरांनी तीनदा वाचला, तिसऱ्यांदा अगदी बातम्या वाचल्यासारखा, आणि म्हणाले की बाई, हे हात दाखवून सुलक्षण झालं. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे किती पडला, मी त्या दुपारी जी झोपले ती दिवे लागल्यावर उठले. घरमालकाचं भागेल, औषधांचं भागेल, माझंही भागेल. चैन नाही, पण जीव टांगणीलाही नाही. चष्मेवाला म्हणतो की दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर नवी पाटी लावायचीय, रंग तुम्ही सांगा, ब्रश दुसरा कुणी धरेल. मी म्हटलं बघू. रंगाची नजर अजून शाबूत आहे आणि दुसऱ्याच्या चुका काढायला हात लागत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. काल मी तुला कवळ्या बनवायला शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. चोरून केला, नंबर तुझ्या जुन्या वहीत होता. त्यांनी सांगितलं की तू दर महिन्याला फोन करून विचारतेस, माझी जागा गेली का. वीट आलेली माणसं असं विचारतात का गं? जागा गेलेली नाही. या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत तू येऊन सही केलीस तर मध्येच सुटलेलं वर्ष तिथूनच पुढे सुरू होईल. हे मी तुला फोनवरही सांगू शकले असते, पण तू म्हणाली असतीस, आई, तू खोटं बोलतेस, तुझा खांदा बरा झाला का ते सांग. आणि तुझंही बरोबर होतं, दीड वर्ष मी दुसरं केलंय काय? म्हणून हे पत्र माझ्या आत्ताच्या हाताने लिहिलंय. काठी घेतली नाही, रेघा आखल्या नाहीत, गोळीची वेळ बघितली नाही, एक पानही फाडलं नाही. ज्या अक्षराने त्या कचेरीला पटलं, त्याने तुलाही पटू दे. हा माझा वाईट दिवस आहे, नीट बघून घे, याच्या मागे लपवलेलं आता काहीच नाही. यापुढे एक पैसा पाठवू नकोस, चिकटपट्टी ठेव त्या गोदामाच्या मुकादमाच्या टेबलावर, आणि वीस तारखेच्या आत जाऊन सही कर. पोरी, तू जे केलंस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, पण आता पुरे. आणि पुढच्या वेळी घरी येशील तेव्हा माझा कप काठोकाठ भर. सांडला तर सांडू दे, पुसायला फडकं आहे.

तुझीच,
खांदा ठणठणीत असलेली आई